बिनसाखरेचं वर्ष

आमच्या फ्रिजच्या दारात, लिंबांच्या कप्प्यात, एक स्टीलची डबी असायची. तिच्यात काचेची छोटी बाटली आणि बारीक सुया. बाटलीवरचं लेबल मी नखानं खरवडून काढलं होतं. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणालो, "शुगर निघाली. इन्सुलिन आहे." दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा पाहुण्यांपुरता म्हणून वरच्या फळीवर गेला.

मला शुगर नव्हती. बाटलीत वाढीचं हार्मोन होतं, स्नायू फुगावेत म्हणून.

एवढी दोन वाक्यं लिहायला मला फार दिवस लागले.

नांदेडला कचेरी सुटली की मी घरामागच्या जिममध्ये जायचो. वय सेहेचाळीस. सुरुवात सरळ होती. वजनं उचलायची आणि चमचाभर क्रिएटिन, म्हणजे ताकदीची पांढरी पावडर, पाण्यात घालून प्यायचं. त्याचा डबा ओट्यावर सगळ्यांदेखत असायचा. बायको त्याला 'तुमची पिठी' म्हणायची. दंडांत थोडा जोर आलाही. पण जिममधली पोरं म्हणायची, "काका, सरका, प्लेटा आम्ही काढतो." आदरानंच म्हणायची. तो आदर मला सोसेना. एकदा ट्रेनर कानाशी आला. "सर, पावडरीनं इतकंच होतं. पुढचं पाहिजे असलं तर सुई हाय." कुठल्या डॉक्टरला न विचारता मी हो म्हणालो. मला कोणी भुलवलं नाही. मला तेच हवं होतं.

घरात पथ्य सुरू झालं. मेथी, कारलं, बिनसाखरेचा चहा. तिनं स्वतःचाही तसाच केला. म्हणाली, "एका घरात दोन चहा कशाला?" कुठं बारशाला गेलो की पेढा माझ्यापर्यंत यायच्या आत तीच हात आडवा घालायची, "यांना चालत नाही," आणि स्वतःही घ्यायची नाही. मी त्या दिवसांत शर्टाच्या बाह्या घट्ट करून घेत होतो.

मग आक्का आली. माझी थोरली बहीण, लातूरला असते. तिला खरी शुगर, कैक वर्षांची. डोळे दाखवायला आठ दिवसांसाठी आली होती, स्वतःचं इन्सुलिन थर्मासात घेऊन. मला बघून दारातच हसायला लागली.

"आरं, तुला शुगर झाली म्हणून मी काळजी करून राहिले, आन तू तर कुस्तीच्या फडात उतरायला निघालास! मी बघ, वाळून काडी झाले. तुझा डॉक्टर तरी सांग की."

"व्यायाम करतो," मी म्हणालो. तेवढं तरी खरं होतं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून सकाळीच जिमला गेलो; परत आलो तर आक्का स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली. पोटावरचा पदर सारलेला, एका हातात माझी बाटली, दुसऱ्या हातात भरलेली सुई. बायको शेजारी भाकरी थापत होती.

"माझं औषध दुधावानी गढूळ," आक्का म्हणाली, "तुझं बघ कसं साफ पाणी हाय. आज तुझंच घेऊन बघते."

मी सुई हिसकून घेतली. बाटलीही. तिची बोटं ओरबाडली.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. दोघी समोरच होत्या. मी म्हणालो, "महागाचं आहे ते, आक्का. असं कुणालाही द्यायचं नसतं."

कुणालाही. हाच शब्द वापरला मी.

परातीवरचा आवाज थांबला. "अहो, एका सुईनं काय होतंय?" बायको म्हणाली.

आक्कानं पदर सारखा केला. "ऱ्हाऊ दे गं. माझंच चुकलं. भावाचं असलं तरी इचारून घ्यावं."

तिनं थर्मासातलं आपलं औषध टोचून घेतलं, अर्धी भाकरी खाल्ली आणि डोळे न दाखवताच दुपारच्या एसटीनं लातूरला गेली. मी तिची पिशवी धरून स्टँडवर उभा होतो. बहिणीच्या नजरेत कंजूष ठरणं मला चाललं. खोटारडा ठरणं चाललं नसतं.

त्या दिवसापासून सुई बंद केली. पण डबी फ्रिजमध्येच ठेवली, कारण ती हलली असती तर बायकोनं विचारलं असतं. म्हणजे चहा तसाच चालू राहिला.

महिन्याभरानं लातूरला गेलो आणि आक्काला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही.

"म्हंजी मी ते टोचून घेतलं असतं तर?"

"तुझं औषध चुकलं असतं. शुगर चढली असती. आणखी काय झालं असतं, मला माहीत नाही."

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "आन ती? ती आजून फिक्का चहा पिऊन राहिली का?"

"हो."

"तिला सांगितलास?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग हितं काय बसलास? लाज हाय का न्हाई? ऊठ. तिला सांगितल्याबिगर चहा न्हाई द्यायची मी तुला."

घरी आलो. बायकोनं नेहमीसारखे दोन कप ओतले होते. मी उभ्यानंच सांगितलं, पहिल्या सुईपासून आक्काच्या बोटांपर्यंत. तिनं स्टुलावर चढून साखरेचा डबा खाली काढला आणि दोन चमचे साखर माझ्या कपात घातली.

"तुझ्यात?" मी विचारलं.

"मला नको. आता गोड जात नाही," ती म्हणाली आणि आपला कप घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

माझा चहा इतका गोड झाला होता की पिववेना. तरी संपवला.