पंचवीस बाइटांची जागा

आम्रपाली हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. महाळुंग्याच्या कंपनीत ती दिवसभर सुटे भाग तपासते आणि गुरुवारच्या सुट्टीला, बाकीचे कामगार पाय ताणून झोपतात तेव्हा, भोसरीतल्या घरी लॅपटॉप उघडून बसते. हातात मावणारा एक जुना गेमचा कन्सोल आहे. बनवणाऱ्या कंपनीनं कधीच गाशा गुंडाळला. आता जगभरचे हौशी लोक त्याच्यासाठी नवं फर्मवेअर, म्हणजे कन्सोल सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, फुकट लिहितात. पण त्यात जागा असते कितीशी? म्हणून प्रोग्रॅम दाबून भरायचा आणि भरल्यावर उलगडायचा. हे काम करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आम्रपालीची. कुणीही बघा, कुणीही वापरा.

त्या लायब्ररीत तिनं कन्सोल सुरू होताना पडद्यावर उमटणारी एक ओळ ठेवली होती: तिचं नाव, वडिलांचं नाव, भोसरी. इंग्रजीत पंचवीस अक्षरं, म्हणजे पंचवीस बाइट. वडील भीमराज यांनी तीस वर्षं गाड्यांचे भाग ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर काढलेली. इवल्याशा पडद्यावर आपलं नाव उमटलेलं पाहून म्हाताऱ्यानं अख्खी चाळ गोळा केली होती.

मग ब्राझीलमधल्या एकाचा कन्सोल नवं फर्मवेअर भरल्यावर सुरूच होईना. पाठोपाठ आणखी दोघांचे बंद पडले. फर्मवेअरचा हा प्रकल्प सांभाळणाऱ्यानं बॅटरीवर खापर फोडलं आणि विषय मिटवला. आम्रपालीनं मात्र आपला कोड पुन्हा उघडून पाहिला. जागा वाचवायच्या नादात, उलगडलेला प्रोग्रॅम धड आहे की नाही हे बघणारी तपासणी तिनंच काढून टाकली होती. दुसऱ्यांचे नग तपासणारी बाई, आणि स्वतःचाच नग न तपासता पाठवला! लाज वाटली तिला.

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण कारखान्यात खराब नग लाल पेटीत टाकताना चिठ्ठी लावतात, आणि तिच्यावर तो करणाऱ्याचं नाव असतं. कामचुकार ते गाळतात. भीमराजनं कधी गाळलं नव्हतं. आम्रपालीनं सगळ्यांपुढे लिहिलं की चूक बॅटरीची नाही, माझी आहे, ही आवृत्ती मी मागे घेते. बंद पडलेला कन्सोल वायर जोडून कसा उठवायचा तेही सांगितलं.

तपासणी परत घातली तर माल जागेपेक्षा सत्तर बाइट जास्त. प्रकल्पवाल्यानं कळवलं, महिनाभरात बसवा, नाहीतर दुसऱ्याची लायब्ररी घेतो. चार वर्षांची मेहनत पाण्यात जायची पाळी आली. तिनं चंग बांधला. तीन गुरुवार एकेक ओळ खरवडली, चोवीस बाइट तरी हटेनात. चौथ्या गुरुवारी नजर त्या एकाच ओळीवर गेली. म्हाताऱ्याचं नाव आपल्याच हातानं पुसायचं? जीव तुटला तिचा. पण पुसलं. लायब्ररी बसली, आणि ब्राझीलवाल्याचा कन्सोलही सुरू झाला.

वडिलांना सांगताना तिला रडू आवरेना. भीमराजनं चहाची बशी खाली ठेवली.

"मी ठोकलेले नग रोज या रस्त्यावरनं पळत्यात. कुणावर नाव हाय माझं?" तो म्हणाला. "आण तो इकडं. चालू होतो का बघू दे."

तिनं कन्सोल दिला. भीमराजनं चष्मा लावून बटण दाबलं आणि जिथं नाव यायचं तिथंच बघत राहिला. नाव आलं नाही. कन्सोल सुरू झाला.