विमानतळाच्या रस्त्यावर थांबवलेली टॅक्सी

दोन वर्षं मुंबईत एका पेढीवर कारकुनी केल्यामुळे आमच्या रेवदंड्यात मी मुंबईचा जाणकार ठरलो होतो. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! त्यामुळे धाकट्या बहिणीला नैरोबीला नवऱ्याकडे पाठवायचं ठरलं, तेव्हा तिला विमानात बसवून देण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. तोवर मी विमान फक्त खालून पाहिलं होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

आईही निघाली. आमच्याकडे दर्यावर जाणाऱ्याला पोचवायला गेलं, की शीड दिसेनासं होईपर्यंत किनाऱ्यावरून हलायचं नाही, अशी रीत. आईचे वडील गलबतावर गेले त्या दिवशी आजी रडतं मूल घेऊन मध्येच घरी वळली होती. ते कधीच परतले नाहीत. ते मूल म्हणजे आई. म्हणून तिने छत्री घेतली, घावनांचा डबा घेतला आणि अर्धा दिवस उभं राहायच्या तयारीने ती लाँचमध्ये बसली.

भाऊच्या धक्क्यावरून टॅक्सी केली. विमानतळाकडे जाणारा नवा रुंद रस्ता लागला, तसं माझं तोंड सुरू झालं. जणू ते डांबर मीच ओतलं होतं. आमच्या खाडीवर टोल भरायचा आणि पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट बघत बसायचं. इथे मध्ये कोण अडवतं? गाडी सुसाट!

"आनी चुकलं तर हाक मारायची कुनाला?" आईने विचारलं. आमच्या खाडीवरची होडी काठावरून हाक मारली की परत वळायची.

"इथं चुकत नाही," मी म्हणालो.

हिरव्या साडीतली बहीण आत गेली आणि आम्ही विमानतळाच्या गच्चीवर उभे राहिलो. थोड्या वेळाने माणसं एका विमानाकडे चालू लागली. त्यात हिरवी साडी दिसताच मी ओरडलो, "ती बघ!"

"ती आपली न्हाय. तिची चाल मला ठावं न्हाय का?"

"विमानाकडे जाताना सगळे असेच चालतात, आई." हे मी इतक्या अधिकाराने सांगितलं की माझाच त्यावर विश्वास बसला. रुमाल हलवता हलवता मी चक्क रडलोही. विमान ढगात गेलं तेव्हा आईची छत्री अजून मिटलेलीच होती; "झालं, चल," म्हणत मी तिला खाली आणलं.

परतताना रस्ता विमानतळाच्या तारेच्या कुंपणाजवळून जात होता. आई बाहेर बघत होती. एकदम तिने ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "थांबव रं!"

कुंपणापलीकडे दुसऱ्या विमानाच्या शिडीवर एक हिरवी साडी चढत होती. ओहोटीला चिखलातून होडीकडे जावं तशा निऱ्या हातभर वर धरलेल्या. आमचीच! वर पोचल्यावर ती वळली आणि आम्ही सोडून आलेल्या गच्चीकडे डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

आईने कुंपणाला धरून हाक मारली, खाडीवर मारायची तशीच. एवढ्या लांब ती कुठली पोचणार! मागे गाड्या भोंगे वाजवत होत्या, ड्रायव्हर हिंदीत आमचा उद्धार करत होता. मी मुंबईचा जाणकार, तोंड लपवायला जागा शोधत होतो. विमान उडून पार दिसेनासं होईपर्यंत आई हलली नाही. टॅक्सीत बसल्यावर तिने न उघडलेला घावनांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

पुढे काही वर्षांनी बहीण माहेरपणाला आली, कडेवर मुलगा घेऊन. जेवताना तिने सगळ्यांना सांगितलं, "शिडीवरनं मी बघितलं, गच्चीत दादा रुमाल हालवत व्हता. मंग भ्या न्हाय वाटलं."

मी तर तेव्हा खाली रस्त्यावर होतो. तो कोण होता, देव जाणे. मी आईकडे बघितलं.

तिने माझ्या ताटात कालवण वाढलं. "व्हय मंग," ती म्हणाली, "मी वढीत व्हते, पन हा हलंल तर शप्पत."