अकरा मीटरची दोरी

“मोजल्याशिवाय मान्य नाही, बाई,” असे म्हणत आमचे रेफरी गोलरेषेपाशी गुडघा टेकत आणि खिशातून गाठ मारलेली दोरी काढत.

फुटबॉलचा सामना तुम्ही पाहिला असेल, तर गोलसमोरचा तो एकटा पांढरा ठिपका आठवत असेल. पेनल्टी तिथून मारतात. गोलरेषेपासून तो बरोबर अकरा मीटरवर हवा. आमच्या ठाकुर्लीच्या मैदानावर मात्र तो चुना टाकणाऱ्याच्या मर्जीवर असे. हे रेफरी प्रत्येक सामन्याआधी तो मोजत आणि चुकला असेल तर पुसून नवा आखत. तोवर दोन्ही संघ उन्हात उभे.

मी शाळेत भूमिती शिकवीत असे. ते तिथलीच प्रयोगशाळा सांभाळत आणि रविवारी गळ्यात शिट्टी घालून ठाणे-कल्याणची मैदाने फिरत. दोरीची गाठ आम्ही दोघांनी शाळेच्या व्हरांड्यात पोलादी फितीने मोजून मारली होती. भिजली की दोरी आखडते, म्हणून ते ती वरचेवर पुन्हा मोजायला लावत. मला गुणलेखनाच्या टेबलावर बसवले तेही त्यांनीच. कारण दिले, “तुम्ही स्वतःच्या मुलालाही नापास केलंत.”

“ओ रेफरी, चष्मा घरी राहिला काय?” असे कोणी ओरडले, तर ते शांतपणे सांगत, “चष्मा नाही मला. डोळे मार्चमध्येच तपासलेत.”

राज्य पातळीच्या रेफरींच्या यादीसाठी त्यांचे नाव गेले, त्या वर्षीची गोष्ट. वयोमर्यादेमुळे ती त्यांची शेवटची संधी होती. अंतिम सामन्यात यजमान संघाच्या कर्णधाराने, चेंडू दूर असताना, समोरच्या खेळाडूच्या तोंडावर कोपर मारले. रेफरींनी लाल कार्ड दाखवून त्याला बाहेर काढले. यजमान एका गोलने हरले.

सामना संपताच रेफरी माझ्या टेबलापाशी अहवाल लिहीत होते, तेव्हा यजमानांचे अध्यक्ष मोबाइल घेऊन तिथे आले.

“काका, हे बघा. पहिल्या हाफमध्ये आमचा बॉल लाइनच्या आत गेलेला. तुम्ही गोल दिला नाहीत.”

रेफरींनी चित्रफीत दोनदा पाहिली. “गेलाय. चूक माझी.”

“मग? हे वर पोचलं तर तुमच्या यादीचं काय? आपण मिटवून टाकू ना. रिपोर्टमध्ये कॅप्टनचं लाल काढा, पिवळं लिहा. पोराचं सिलेक्शन आहे हो.”

त्यांनी माझे पेन मागून घेतले. लाल कार्डाची नोंद होती तशीच ठेवली. तिच्याखाली लिहिले: ‘पहिल्या सत्रात चेंडू पूर्णपणे रेषेपार गेला होता. मी खेळाच्या मागे पडलो होतो. गोल द्यायला हवा होता.’

“आता खुशाल पाठवा. सोबत हेही जोडा.”

“अहो, वेड लागलंय का? नाव जाईल यादीतून!”

“जाऊ दे. माझी चूक तुमच्याकडे गहाण ठेवणार नाही मी.”

सहीसाठी कागद माझ्यापुढे आला. मी हळूच म्हटले, “खालचं नाही लिहिलं तरी चालेल.”

“पेपर तपासताना असं करता का, बाई?”

मी सही केली.

यादीत त्यांचे नाव आले नाही. आमच्या मैदानावरचे बोलावणेही थांबले. मग ते आंबिवलीला लहान मुलांच्या सामन्यांत शिट्टी वाजवू लागले. तिथेही आधी ठिपका मोजत. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या पत्नीने दोरी मला आणून दिली.

यंदाच्या अंतिम सामन्याला नवे, तरुण रेफरी शिट्टी ओठांशी नेत होते. ठिपका मला जवळ वाटला. मी टेबलावरून उठले.

“बाई, उशीर होतोय!” अध्यक्ष ओरडले.

“होऊ द्या.”

दोरी मी आदल्या दिवशीच व्हरांड्यात पुन्हा मोजून घेतली होती. दोन्ही संघ उन्हात उभे राहिले. गोलरेषेपाशी गुडघा टेकवायला मला वेळ लागला. दोरी ताणली, तेव्हा गाठ ठिपक्याच्या वीतभर पलीकडे पडली.

मी चपलेने तो ठिपका पुसला आणि चुना मागवला.