शेफिकाबाई आणि हेगचा निकाल

शेफिकाबाई आमच्या रेवाला सांभाळायच्या. आम्ही आयर्लंडमध्ये, ब्लँचर्डस्टाउनला राहायला आलो तेव्हा रेवा तीन वर्षांची होती. शिरीष आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, आणि पाळणाघरात जागा मिळत नव्हती. आमिराची ओळख बसस्टॉपवर झाली. ती बॉस्नियाची, युद्धात निर्वासित म्हणून इथे आलेली, हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला. "माझी आई घरीच असते," ती म्हणाली. "फार बोलत नाही, पण मुलांना भूक लागली की तिला आधी कळतं."

बॉस्नियात आजीला नाना म्हणतात, आयर्लंडमध्येही म्हणतात. रेवानं पहिल्याच आठवड्यात 'नाना' सुरू केलं. पुण्याहून सासूबाई आल्या तेव्हा त्यांना ते काही केल्या पटेना. "अगं, बाईमाणसाला नाना काय म्हणतेस?" शेफिकाबाईंना मी ही गंमत समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "ग्रँड." त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतला हा सगळ्यात जास्त वापरातला शब्द; इथे 'छान', 'ठीक' अशा अर्थी सगळेच म्हणतात. चहा कसा झालाय, ग्रँड. गुडघा कसा आहे, ग्रँड.

रेवाच्या पाचव्या वाढदिवसाचं आमंत्रण द्यायला गेले तेव्हा त्या ओट्यापाशी भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलत होत्या.

"कधी?"

"अकरा जुलै."

"अकरा जुलैला मी कुठे जात नाही," त्या म्हणाल्या, आणि मी काही विचारायच्या आत स्वतःच सांगू लागल्या. त्यांचं गाव स्रेब्रेनिकाच्या वरच्या अंगाला. १९९५ साली त्याच तारखेला सर्ब सैन्य शहरात शिरलं. एल्विर आणि निहाद ही दोन मुलं जंगलातून पळाली. एल्विर एकवीस वर्षांचा, निहाद सतरा. नवऱ्याचा, मेहोचा पाय दुखत होता, म्हणून तो शेफिकाबाईंबरोबर खाली कारखान्याच्या आवारात आला. तिथे संयुक्त राष्ट्रांचे सैनिक होते. दोन दिवसांनी बायकांना बसमध्ये चढवताना मेहोला बाजूला काढलं.

"आमची पिशवी त्याच्या हातात होती. तो म्हणाला, पिशवी घे. मी घेतली."

"मग?"

"मग बस निघाली."

तिथे त्या आठवड्यात आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले, हे मी नंतर वाचलं. शेफिकाबाईंनी आकडा सांगितला नाही. त्यांनी सोललेल्या मिरच्यांवर मीठ घातलं आणि मला एक खायला दिली.

पुढच्या वर्षी बॉस्नियाहून फोन आला. त्यांच्या रक्ताचा नमुना तिथे दिलेला होता, त्यावरून मेहोची हाडं ओळखली गेली होती. ती दोन वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडली. मारणाऱ्यांनी पुरावा लपवायला आधीचे खड्डे यंत्रानं उकरून प्रेतं दुसरीकडे नेली होती, त्यामुळे एकेका माणसाची हाडं विखुरली होती. आत्ता पुरायचं की उरलेलं सापडेपर्यंत थांबायचं, असं फोनवरच्या बाईनं विचारलं.

"उरलेलं सापडेल?" शेफिकाबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"मग पुरा."

दफनाला त्या आणि आमिरा जाऊन आल्या. परतल्यावर मी भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "वाटलं होतं, रडू येईल. नवे बूट घातले होते, ते चावत होते. सगळं लक्ष तिकडेच." त्यानंतर वर्षभरात एल्विर सापडला. निहाद सापडला नाही.

बॉस्नियानं युद्ध चालू असतानाच सर्बियाविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता, तो चौदा वर्षं चालला. आमिरा त्याची बातमी न् बातमी वाचायची. निकाल आपल्या बाजूनं लागला तर सर्बियाच्या सरकारला भरपाई द्यावी लागेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. गावातलं जळलेलं घर उभं करायचं, मागची प्लमची बाग साफ करायची, आईला म्हातारपणी तिथे न्यायचं. शेफिकाबाई यातलं काहीच बोलायच्या नाहीत. एकदा मीच विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"निहादचं हाड," त्या म्हणाल्या. मला समजलं नाही असं वाटून त्यांनी पुढे सांगितलं, "तेही सरकारच देऊ शकतं. कुठे पुरलंय ते कुणाला तरी माहीत असणारच."

निकाल २००७ च्या फेब्रुवारीत लागला, सोमवारी. कोर्टाचं इंग्रजी समजावून द्यायला आमिरानं मला बोलावलं होतं. मी अर्धी रजा टाकली. टीव्हीवर न्यायाधीश कितीतरी वेळ वाचत होते. स्रेब्रेनिकात घडला तो वंशसंहार होता. तो सर्बियाच्या सरकारनं केला हे मात्र सिद्ध झालं नाही. पण तो रोखण्याचं कर्तव्य सर्बियानं पाळलं नाही. पैशाच्या स्वरूपात भरपाई देणं योग्य ठरणार नाही. आमिरा उठून मागच्या अंगणात गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती.

"थांबवायला हवं होतं, असं म्हणाले?" शेफिकाबाईंनी मला विचारलं.

"हो."

"आणि थांबवलं नाही."

"नाही."

"आणि पैसे नाहीत."

"नाहीत."

"तो शेवटचा शब्द काय? तो माणूस सारखा म्हणत होता."

तो शब्द होता 'सॅटिस्फॅक्शन'. मी म्हटलं, "म्हणजे... कोर्टानं हे जाहीर केलं, तेवढं पुरे. त्यानं समाधान व्हावं."

"कुणाचं?"

 टीव्हीवर आता दुसरीच बातमी चालू होती. शेफिकाबाई उठल्या. "सूप खाली लागेल," म्हणाल्या, आणि प्रेसमधून वाट्या काढू लागल्या. भांड्यांच्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात. मला वाटलं, यांच्या गळ्यात पडावं, काहीतरी म्हणावं.  आम्ही दोघींनी सूप प्यायलं. आमिराचं झाकून ठेवलं.

आमिरा मग इतर बॉस्नियन लोकांबरोबर बैठकांना जायला लागली, सह्या गोळा करायला लागली. शेफिकाबाई एकदाही गेल्या नाहीत. एप्रिलमध्ये त्यांनी परस्पर गावी फोन केला आणि परत जाऊन राहिलेल्या विधवा चुलत जावेला सांगितलं, आमची जमीन तू वापर. आमिरा चिडली. "मला विचारलंस? आपण परत गेलो तर?"

"तू जा," शेफिकाबाई म्हणाल्या. "ती तुला राहायला देईल."

आठवडाभर मायलेकींचं बोलणं बंद होतं. मग आमिरानंच आईला गुडघ्यासाठी डॉक्टरकडे नेलं आणि जमिनीचा विषय निघेनासा झाला.

सप्टेंबरमध्ये मी रेवाला आणायला गेले तेव्हा त्या नुकत्याच फोनवरून उठल्या होत्या. जावेचा होता. बाग साफ केल्यावर झाडं फळली होती, म्हणाल्या.

"काय म्हणत होती?"

"प्लमचं काय करू, विचारत होती."

"मग?"

"म्हटलं, खा."

रेवाचा एक मोजा सापडत नव्हता. त्या गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि सोफ्याखाली बघायला लागल्या.