टिकलीखालचा दिवा

“टिकली लाव गं त्याच्यावर, डोळ्यात खुपायलाय तो दिवा,” गाडी चालवता चालवता काका काकूंना म्हणाले, आणि काकूंनी खरंच पर्समधल्या पाकिटातली मोठी मरून टिकली काढून डॅशबोर्डवर नुकत्याच पेटलेल्या पिवळ्या दिव्यावर चिकटवली. निर्ण्याहून आम्ही कलबुर्गीला निघालो होतो. मागे माझ्याशेजारी ताई, तिच्या मांडीवर दीड महिन्याचं बाळ, आणि गाडीभर त्याच्या अंगाला लावलेल्या वेखंडाचा वास. निघण्याआधी काकांनी चारही चाकांना एकेक लाथ घालून “दगडावानी हायत” असा निकाल दिला होता. मी मात्र आदल्या दुपारी गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक वाचलं होतं: घोड्याच्या नालेसारख्या आकारात उद्गारचिन्ह असलेला हाच पिवळा दिवा दिसला, तर कुठल्यातरी चाकात हवा कमी आहे, आणि हवा बरीच उतरली तरी चाक वरून चांगलंच दिसतं. घरात मी फारशी बोलत नसे. बोलले की “इंग्लिश मिडियम बोलायलंय बघा” म्हणून सगळे हसत. हायवे आला, काकांनी वेग वाढवला, ताईनं बाळाला छातीशी धरलं. मागच्या डाव्या चाकात बोटभर खिळा निघाला, ते नंतरचं. आज स्वतःच्या गाडीत तो दिवा पेटला की मला आधी ती टिकली आठवते, आणि मग माझाच जराही न कापलेला आवाज: “काका, लाथ मारून हवा कळत न्हाई. पंक्चरवाल्याकडं थांबवा, गाडीत बाळ हाय.”