मावशीनं बाजार का सोडला

मावशीबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. पूर्वी सुरुवात केली तेव्हा तिच्या विनोदांपाशीच थांबलो, कारण तिथपर्यंत सगळं सोपं होतं. या वेळी पुढे जायचं ठरवून बसलो आहे.

वसईच्या होळी बाजारात मासळी घ्यायला तुम्ही कधी गेला असाल तर तिला पाहिलं असेल. गिऱ्हाईक पापलेटासाठी घासाघीस करत असायचं आणि मावशी मध्येच हात वर करायची. "थांब." मग कनवटीतून थेंबांची बाटली निघायची. ती हात स्वच्छ पाण्यानं धुवायची, पदराच्या कोरड्या टोकाला पुसायची, मान मागे टाकायची, बोटानं खालची पापणी ओढायची आणि एक थेंब नेमका आत सोडायची. त्यानंतर डोळे मिटून ती स्वस्थ बसून राही. कोणी कुरकुरलं तर तशीच बोलायची, "मासा मेलेलाच हाय, पलून नाय जानार. थेंब चुकवायचा नाय."

हे मी ऐकून सांगत नाही. एकदा पिशवी घेऊन ताटकळलेलं ते गिऱ्हाईक मीच होतो, आणि तो डोळाही मीच केलेला होता.

वसईतल्या एका लहानशा डोळ्यांच्या रुग्णालयात मी शस्त्रक्रिया करत असे. मावशी पाचूबंदरची, किरिस्तांव कोळी घरातली. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकून पांढरा झाल्यावर ती आली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही बसा." तिनं वळून मागे पाहिलं. "कोनाला बोलतंस? इथं आपून दोगंच हाव." तेव्हापासून मीही तिला अगंतुगं करू लागलो.

तपासताना तिच्या डोळ्यातला दाब वरच्या अंगाला लागला. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बारीक वाटांनी निघून जातं. त्या वाटा तुंबल्या की दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. हाच काचबिंदू. मोतीबिंदूनं गेलेली नजर भिंग बसवलं की परत येते. काचबिंदूनं नेलेली येत नाही. राहिलेली राखायची, एवढंच हातात असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण पांढऱ्या मोतीबिंदूमागची नस दिसत नव्हती, बाहेर रांग होती, आणि फुगलेला मोतीबिंदू काढला की पुष्कळदा दाब आपोआप उतरतो. तिचाही उतरेल असं मी धरून चाललो.

शस्त्रक्रिया चांगली झाली. लहान छेद, टाका नाही, भिंग जागच्या जागी बसलं. दुसऱ्या सकाळी पट्टी काढली तेव्हा मावशीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"डाक्टर, तू तं काला हायस."

"मग काय समजली होतीस?"

"आवाज गोऱ्याचा हाय तुजा."

सगळी खोली हसली. मी तिला पथ्य सांगितलं. चुलीपुढे जायचं नाही, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, मी सांगेपर्यंत बाजारात बसायचं नाही. आणि थेंब. सूज उतरवणारे, स्टिरॉइडचे. "एक वेळ जेवण चुकव, पण थेंब चुकवू नको," असं मी म्हटलं. हे वाक्य मी सगळ्यांनाच ऐकवत असे. रुग्ण थेंब घालत नाहीत, हा आम्हा डोळ्यांच्या डॉक्टरांचा नेहमीचा राग.

ती दाखवायला आली त्या दिवशी फार गर्दी होती. भिंतीवरची शेवटची ओळ तिनं चित्रं सांगावीत तशी खडाखडा सांगितली. मी खूश झालो. "छान. थेंब चालू ठेव." कधी थांबवायचे हे सांगितलं नाही. दाबही मोजला नाही.

हे थेंब ठरावीक काळच घालायचे असतात. काहींच्या डोळ्यात त्यांनी दाब चढतो, आणि काचबिंदूकडे झुकलेला डोळा असेल तर फारच. म्हणून मधून मधून दाब बघायचा असतो. मावशीला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. बाटली संपली की ती औषधांच्या दुकानात रिकामी बाटली दाखवून नवी घ्यायची. पथ्यातली एकच गोष्ट तिनं मोडली, पट्टी निघाल्यावर काही दिवसांतच ती बाजारात जाऊन बसली. तिच्या सासूची ती जागा, तिथं बसून तिनं मुलं वाढवली होती. "घरात बसले की मना माजाच वास येतो, बाजारात मासलीचा येतो," म्हणायची.

वर सांगितलेलं दृश्य मी पाहिलं, ते शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी. तेव्हा ते थेंब तिच्या डोळ्यात जायलाच नको होते. आणि मी काय केलं? हसलो. शेजारच्या बाईला म्हटलं, "सगळे रुग्ण असे असते तर." पापलेट घेतलं आणि घरी आलो.

पुढे एका मांजरानं तिला माझ्याकडे पाठवलं. बाजारातलं एक मांजर तिच्या पाटाच्या उजव्या बाजूनं येऊन बांगडा उचलून न्यायचं. आधी ती त्याचं कौतुक करत होती. "लई हुशार झालंय. समोरून येतं तं मना दिसतं. बाजूनं येतं तं दिसतच नाय." मग उजवीकडचं गिऱ्हाईकही दिसेना. सून तिला घेऊन आली.

मी दाब मोजला आणि पुन्हा मोजला. मोतीबिंदू गेल्यामुळे आता आतलं स्वच्छ दिसत होतं. नस पांढरी पडली होती. मधली थोडी नजर उरली होती, नळीतून पाहावं तेवढी. डाव्या डोळ्यातही काचबिंदू होता, पण तिथं थेंब गेले नव्हते. तो डोळा अजून बराच शाबूत होता. काय घडलं ते मला त्या क्षणी कळलं. वेळ लागला नाही.

सुनेनं विचारलं, "कशानं झालं, डॉक्टर?"

मी सुनेकडे न बघता मावशीला विचारलं, "बाजारात कधीपासून बसतेस?"

मावशी खाली बघून म्हणाली, "पट्टी निघाली नि चार दिसांनी गेले."

"मग होणारच," मी म्हणालो.

एवढंच. मी खोटं काही बोललो नाही असं त्या दिवशी स्वतःला समजावता आलं. सून तिथंच सुरू झाली. "किती बोंबलले मी. आई, जाव नका, आई, जाव नका. ऐकंल तं ती आमची सासू कसली." आणि मावशी, जी भर बाजारात पोलिसालाही उलट बोलायची, ती गप्प बसून ऐकत राहिली. उठताना माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, "डाक्टर, तू चांगला डोला केला होता. मी घालवला. माफ कर मना."

मी म्हटलं, "असू दे."

डावा डोळा मी जिवापाड सांभाळला. त्यात मोतीबिंदू काढताना काचबिंदूचीही शस्त्रक्रिया एकाच वेळी केली. डोळ्याच्या वरच्या पांढऱ्या भागात, पापणीखाली लपेल अशी एक बारीक झडप करायची. आतलं जास्तीचं पाणी तिच्यातून झिरपतं आणि दाब उतरतो. झडप फार सैल राहिली तर डोळा मऊ पडतो, फार घट्ट झाली तर काही उपयोग नाही, आणि शरीर तिला जखम समजून भरून टाकू पाहतं. म्हणून पुढे बरेच दिवस नजर ठेवावी लागते. मी हे समजावून सांगितल्यावर मावशी म्हणाली, "म्हंजे मिठागराला उघाडी असते, भरतीचं पानी जास्त झालं की सोडायला. तशी डोल्याला उघाडी करतंस."

"तशीच."

"मंग गाल साचू देव नको."

गाळ साचू दिला नाही. या खेपेला मी प्रत्येक वेळी स्वतः दाब मोजला, प्रत्येक थेंब कधी बंद करायचा ते तिला आणि सुनेला दोघींना सांगितलं. तो डोळा शेवटपर्यंत टिकला. त्यावर मला शाबासकी मिळाली, आणि मी ती घेतली.

उजवा पूर्ण गेला.

पण मला सांगायचंय ते बाजाराचं. मावशीनं बाजार सोडला. कोणी सोडायला लावला नाही, तिनं स्वतःहून सोडला. एक डोळा बाजारानं नेला, दुसरा नेऊ द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं. सासूची जागा सुनेला दिली आणि दारात खुर्ची टाकून बसली. संध्याकाळी सून आली की हिची चौकशी सुरू. आज कोन आलं, सुरमई किती गेली, त्या पारनाक्याच्या बाईनं परत घासाघीस केली काय. सून दमलेली असायची. "तुमीच जाव ना बसायला," ती एकदा चिडून बोलली, आणि लगेच, "नको, नायतर हाही घालवाल." मावशी म्हणाली, "बरोबर बोलते ती."

हे मला मावशीनंच सांगितलं, हसत. ती दर आठवड्याला रुग्णालयात यायची, शस्त्रक्रियेच्या दिवशी. आम्ही बोलावलं नव्हतं. बाकांवर बसलेल्या बायांपुढे उभी राहायची, उजव्या डोळ्यावर बोट ठेवायची. "बघा. हा डोला डाक्टरनं दिलेला, मी बाजारात जाऊन टाकला. पथ्य मोडाल तं माज्यासारख्या व्हाल." एका बाईनं कुजबुजत विचारलं, घरची चूल कोण बघणार, तर मावशी तिच्यावर कडाडली, "नवरा बघंल. त्याचे दोन डोले हायत." बाया हसायच्या, घाबरायच्या आणि पथ्य पाळायच्या. माझे सहकारी म्हणायचे, मावशी आली की आपलं निम्मं काम होतं. मी आत हातमोजे चढवत ते ऐकत असे. दार बंद करून घेत असे.

एकदा मी तिला म्हटलं, "मावशी, आता बाजारात बसलीस तरी चालेल. काही होत नाही."

तिनं माझ्याकडे त्या एका डोळ्यानं पाहिलं. "मागच्या टायमाला नको बोललास तवा मी गेले. आता हो बोलतंस, ते माजं तोंड बघून. तू मनाचा चांगला हायस. नाय जानार मी."

तिला बाजारात परत पाठवायचं असेल तर एकच वाक्य पुरेसं होतं. ते माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "तुझी मर्जी."

निवृत्त झाल्यावर मी ठरवून पाचूबंदरला गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती. बाहेर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते, मावशी दारातच होती, दम्यानं थकलेली. मला पाहून तिनं आळीतल्या दोघीतिघींना हाक मारली. "या गो, माजा डाक्टर आलाय बघा. मी त्याचं ऐकलं नाय, तरी कदी रागावला नाय. असा मानूस शोधून मिलनार नाय." बायांनी मला नीट पाहून घेतलं. सुनेनं चहा दिला. मी चहा प्यालो, तिचा दाब कुठे तपासायचा ते सांगितलं आणि निघालो. ती वेशीपर्यंत पोचवायला येऊ लागली. मी नको म्हटलं.

नंतर एकदा होळी बाजारात गेलो तर सुनेची जागा मोकळी होती. शेजारची म्हणाली, "सासू गेली तिची. माती दिली तवा किती मानसं होती. तुमाला नाय कलवलं?" मला कोणी कळवलं नव्हतं. कळवण्याइतका मी त्या घराचा कोणी आहे, असं फक्त मावशीला वाटायचं.

सून परत बाजारात बसायला लागल्यावर मी तिला सगळं सांगितलं. सकाळची वेळ होती, गिऱ्हाईक कमी होतं. थेंबांचं, न मोजलेल्या दाबाचं, आणि "मग होणारच" म्हणताना मला काय माहीत होतं त्याचं. ती कोयत्यावर हलवा साफ करत होती. हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मी तिला घरात रोज बोलायचे. रोज. जेवताना पन."

"चूक माझी होती."

"ते कललं मना. पन बोलले तं मी ना." तिनं हलव्याचे तुकडे पाण्यातून काढले. मग पहिल्यांदा वर पाहिलं. "मना सांगून काय, डॉक्टर? तिला सांगायचं होतं. ती इथं बसली असती."

मी म्हटलं, मी हे लिहून छापणार आहे. पाचूबंदरमध्ये, रुग्णालयात, जिथं जिथं तिचं नाव दाखला म्हणून घेतात तिथं ते पोचवणार आहे. ती म्हणाली, "लिवा. हे तिलाच सांगायचं होतं, तेही लिवा."

म्हणून लिहितो. मावशी, तुझा उजवा डोळा बाजारानं नेला नाही. मी दिलेल्या थेंबांनी त्यातला दाब चढला, आणि मी तो मोजला नाही. मी सांगितलं तसंच तू करत राहिलीस, म्हणून तो गेला. तुझ्या सुनेनं विचारलं तेव्हा मला हे माहीत होतं. तू माझी माफी मागितलीस आणि मी "असू दे" म्हणालो. ती माफी मी तुझ्याकडे मागायची होती. मागतो आहे. मला माफ कर.