तत्त्वतः हरकत नाही

आमच्या सिंगापूरमधल्या मरीन परेडच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, कमिटीचे अध्यक्ष मूळचे पुण्याचे. त्यांना चहा विचारा, डोळे मिटून म्हणतील, "तत्त्वतः हरकत नाही." लिफ्टला आग लागली तरी हे आधी घसा खाकरून तत्त्वतः बोलतील, मग पळतील.

गणपतीत बायकोच्या मंगळसूत्राची एक वाटी कॉन्डोच्या हिरवळीत पडली. तीही माहेरची! सासरची असती तर घर एवढं पेटलं नसतं. मी मेटल डिटेक्टर भाड्याने आणला आणि परवानगी मागायला गेलो.

"तत्त्वतः हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण जमीन सगळ्यांची. प्रत्येक घरमालकाला विचारा."

विचारलं! अख्ख्या आशिया खंडाच्या चपला ओलांडत दारोदार फिरलो. सगळे सिंगापुरी थाटात म्हणाले, "कॅन, कॅन!" म्हणजे खुशाल शोधा. शेवटचं दार उरलं अध्यक्षांचं.

ते दारातच हात जोडून म्हणाले, "घरमालक म्हणून माझी हरकत आहे. माझ्या खिडकीसमोर खणाखणी चालणार नाही."

"अहो, तुम्हीच तर हो म्हणालात!"

"ते अध्यक्ष म्हणून." आणि दार लावता लावता या गृहस्थाने मलाच धीर दिला, "त्यांच्याकडे दाद मागा ना. माणूस चांगला आहे हो!"